लोहगरुडाच्या गर्दीत कालिंदी

मी लोहगरुडाचे सतरा आणि त्याच्या भावकीतल्या बाकीच्या वीरांचे मिळून सव्वाशेच्या वर चित्रपट पाहिलेत, आणि खरं सांगतो, त्यातला एकही मला आवडलेला नाही. तरी प्रत्येक चित्रपट पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत, डुलकी न काढता पाहिलाय. शहर कोसळणार, आभाळाला भोक पडणार, तो पंखवाला शेवटच्या क्षणी येणार, आणि मग दोन मिनिटं वडिलांच्या आठवणीनं रडणार. अरे, सतरा चित्रपट झाले, किती रडशील? पण मी बघत राहायचो, कारण त्या कोसळणाऱ्या शहरात माझी बायको असायची.

मी दिगंबर खैरनार, एसटीतला निवृत्त वाहतूक नियंत्रक, मुक्काम नाशिक. बायको कालिंदी डबिंगमध्ये गर्दी करायची. परदेशी चित्रपट मराठीत आला की नायकाला मराठी आवाज लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मागं जे शेपन्नास लोक जीव मुठीत धरून पळत असतात, त्यांनाही मराठीतच ओरडावं लागतं. त्यासाठी स्टुडिओत आठ-दहा माणसं एका माइकभोवती गोल फिरत आरडाओरडा करतात. काय ओरडायचं हे कागदावर नसतं. एक गृहस्थ सत्तावीसचा पाढा म्हणायचे, एक बाई भाज्यांची नावं घ्यायच्या. सगळं एकात एक मिसळलं की प्रलय आल्यासारखं वाटतं. पुढं नायकाचा आवाज यंत्र काढायला लागलं, खलनायकाचा, त्याच्या आईचाही. गर्दी मात्र माणसांकडेच राहिली. यंत्राची गर्दी शाळेच्या प्रार्थनेसारखी एका सुरात किंचाळायची.

तर, फार वर्षांपूर्वी तिनं मला पहिल्यांदा थिएटरात नेलं. मी कंटाळून खुर्चीत घसरलो होतो. पडद्यावर मनोरा कोसळत होता, माणसं सैरावैरा धावत होती, आणि त्या गोंगाटात मला स्पष्ट ऐकू आलं, "अहो, गॅस बंद केलात का?" मी ताडकन उभा राहिलो. मागचा माणूस खेकसला. कालिंदी शेजारी बसून पॉपकॉर्न खात होती आणि तिचे खांदे हलत होते. चार महिन्यांपूर्वी, रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी, मी चहाचं आधण ठेवून विसरून गेलो होतो. ते तिनं तिकडे जाऊन जगाच्या अंताच्या गर्दीत टाकलं होतं.

तेव्हापासून तो आमचा नेम झाला. प्रत्येक चित्रपटात एक वाक्य माझं. त्या दिवशी सकाळी घरात जे घडलं असेल, तेच. कितव्या मिनिटाला ते ती कधी सांगायची नाही; मी शोधून काढायचं. सापडलं तर त्या संध्याकाळी मी म्हणेन ती भाजी, नाही सापडलं तर आठवडाभर कारलं. एवढ्या वर्षांत मला एकदाच कारलं खावं लागलं, आणि तेव्हा वीज गेली होती, त्याला मी काय करणार? चित्रपट रेकॉर्डिंगनंतर चार महिन्यांनी यायचा, त्यामुळं ही वाक्यं उशिरा मिळालेल्या पत्रांसारखी वाटायची. भांडण विसरून गेलेलं असायचं आणि त्याचा टोमणा तेवढा पोचायचा.

खरं तर सुरुवात माझी होती. मी सिन्नरच्या स्टँडवर होतो तेव्हा सात-चाळीसच्या नाशिक गाडीला एक मुलगी यायची, नाटकाच्या तालमीला जायची. एकदा ती पाण्याची बाटली बाकावर विसरली. दुसऱ्या दिवसापासून मी त्या गाडीची घोषणा झाली की शेवटी जोडून द्यायचो, "प्रवाशांनी पाण्याची बाटली विसरू नये." फक्त सात-चाळीसच्या गाडीला. महिनाभर शंभर माणसं आपापल्या पिशव्या चाचपत राहिली. ते कुणासाठी होतं हे तिला एकटीलाच कळलं, आणि तिनं वळून माझ्या खिडकीकडे पाहिलं. पुढचं लग्नपत्रिकेत छापलंय.

आता पट्टीबद्दल सांगतो, कारण घोळ त्या पट्टीनंच घातला.

दोन हजार चौतीसच्या सुमारास 'रंगधारा' नावाच्या कंपनीनं कानामागं लावायची एक मऊ पट्टी आणली. तिच्याशिवाय त्यांचा चित्रपट सुरूच व्हायचा नाही. माणसाचा मेंदू म्हणे सदा थोडा पुढं पळत असतो, आता काय होणार याचा अंदाज बांधत असतो. अंदाज बरोबर आला की तो लक्ष काढून घेतो. कशाला उगाच शक्ती घालवा? अंदाज चुकला, किंवा ज्याची मनापासून वाट होती ते अचानक मिळालं, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात विजेची एक बारीक लाट उठते. ती पट्टीला टिपता येते. लाटा उठेनाशा झाल्या की समजायचं, माणूस कंटाळला.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्टँडवर बाकावर झोपलेला माणूस मी वीस गावांची नावं कर्ण्यातून ओरडलो तरी हलायचा नाही. एकविसावं नाव त्याच्या गावाचं आलं की डोळे मिटलेलेच, पण हात पिशवीकडे जायचा. कान सगळंच ऐकत असतात. मेंदू मात्र आपलं तेवढं उचलतो.

कंपनीनं या पट्टीवर 'छाटणी' नावाची सोय काढली. तुमच्या मेंदूला आधीच ठाऊक असलेला भाग ती गाळायची आणि उरलेलं दाखवायची. लोकांना वाटलं, वेळ वाचेल. झालं भलतंच. तीन तासांचा लोहगरुड चौदा माझ्या पुतण्याला एकोणीस मिनिटांत संपला. सोळावा आला तोवर सरासरी अकरा मिनिटांवर आली होती. मालिकांचं तर विचारूच नका, दहा भागांची मालिका दात घासता घासता व्हायची. प्रेक्षक उबगलेत हे कळायला यंत्र कशाला हवं होतं? मला विचारलं असतं तर पाचव्याच भागाला सांगितलं असतं. आणि छाटणीत सर्वांत आधी काय जायचं, तर गर्दी. पळणाऱ्या माणसांकडे कुणाचा मेंदू बघतच नव्हता.

मी छाटणी बंद ठेवून 'अखंड' लावायचो. कालिंदीचं वाक्य छाटलं गेलं असतं तर?

एका गुरुवारी अकराच्या सुमारास कंपनीची एक मुलगी दारात उभी राहिली. श्रावी पगारे, सत्तावीस-अठ्ठावीसची, धुळ्याची, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. तिनं आधी माझी पट्टी तपासली, मग मला. कंपनीनं मला दोनदा पट्टी बदलून पाठवली होती, त्याचं कारण आत्ता कळलं. तिनं पडद्यावर देशभरातल्या प्रेक्षकांच्या रेघा दाखवल्या. गर्दीच्या प्रसंगांत सगळ्या जमिनीला टेकलेल्या. त्यात एकच रेघ प्रत्येक चित्रपटात एकदा सुळक्यासारखी वर जात होती, आणि ती माझी होती. लोहगरुड उडतो तेव्हा नाही, मरतो तेव्हा नाही, तर मागं लोक पळत असतात तेव्हा. तिच्या साहेबांना हे कोडं सुटत नव्हतं.

मी आधी हसून टाळलं. चहा केला. बोलता बोलता तिनं सहज सांगितलं की कंपनी माणसांची गर्दी बंदच करणार आहे, उद्या अठराव्या चित्रपटाचं रेकॉर्डिंग झालं की संपलं. कालिंदी तेव्हा बाजारात गेली होती. तिला हे माहीत नव्हतं.  तीस वर्षं जी बाई दर दोन-तीन महिन्यांनी तिथं जाऊन घसा फोडून आनंदात घरी यायची, तिला हे कोण सांगणार?

म्हणून मी सांगून टाकलं. गॅस, बाटली, कारलं, सगळं. कालिंदीचं काम वाचावं म्हणून सांगितलं, हे खरंच. पण खोटं कशाला बोलू, थोडी फुशारकीही होती. एवढ्या मोठ्या देशात एकच रेघ उभी राहते आणि ती आपली, हे कुणाला सांगावंसं वाटणार नाही? श्रावी लिहिता लिहिता थांबली, तिनं डोळे पुसले, आणि मला वाटलं, दिगंबर, आज तू मोठंच काम केलंस.

कालिंदी आली, पिशवी ओट्यावर ठेवली, आणि मी उत्साहानं सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. तिच्या चेहऱ्यावर मला काहीच दिसलं नाही, तिथंच मी ओळखायला हवं होतं.

"काम काय, आज ना उद्या जाणारच होतं," ती म्हणाली. "पण हे आपलं होतं. तुम्ही ते परक्याला काढून दाखवलंत. विचारलंत तरी का मला?"

आणि बोलणं बंद. आमच्या लग्नात आदळआपट पुष्कळ झाली होती, अबोला कधी नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेवटच्या रेकॉर्डिंगला गेली तेव्हा मी 'जपून जा' म्हणालो, तर दार लागल्याचा आवाज आला फक्त. मलाही राग आला. एवढं काय केलं मी? दुपारी स्वयंपाकघरात पाऊलही न टाकता तरातरा कोपऱ्यावर गेलो आणि मिसळ खाऊन आलो. हट्टानं दोन पाव जास्त खाल्ले आणि संध्याकाळभर जळजळ सोसली. आठ दिवसांनी दूध नासलं तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली, तेही दुधाशी. मग हळूहळू गाडी रुळावर आली. पण आत कुठंतरी अढी राहिली होती, हे मला कळत होतं.

तिकडे कंपनीनं माझ्या गोष्टीचं भलतंच केलं. दोन महिन्यांत 'घरचा आवाज' नावाची नवी सोय आली. तुम्ही फोनवरचे जुने निरोप कंपनीला द्यायचे; यंत्र त्यातून तुमच्या माणसाचा आवाज उचलणार आणि गर्दीत तुमच्यापुरतं एक वाक्य पेरणार. कुणाला आई हाक मारायची, कुणाला बहीण, कुणाला सात वर्षांपूर्वी गेलेले वडील. देश वेडा झाला. लोक छाटणी बंद करून तीन-तीन तास लोहगरुड बघायला लागले. अकोल्याच्या एका गृहस्थांनी वडिलांचं 'टोपी घाल रे' ऐकायला तोच चित्रपट नऊ वेळा पाहिला. हे ऐकून मलाही गहिवरून आलं, नाही म्हणत नाही.

हे पाच आठवडे टिकलं. मेंदू तो मेंदूच. गर्दी आली की आता आई बोलणार, हा अंदाज त्याला बांधता यायला लागला, आणि लाटा बसल्या. लोकांनी पुन्हा छाटणी सुरू केली, आणि छाटणीनं आया गाळून टाकल्या. वाईट याहून पुढंच होतं. श्रावी आमच्याकडे पुन्हा आली आणि पिशवीसकट खुर्चीत टेकली. मग म्हणाली, धुळ्याहून आईचा फोन आला, तिनं 'जेवलीस का?' विचारलं, आणि माझ्या मनात आलं, हे गाळता येईल का? आठवडाभर तिनं आईचा फोन उचलला नव्हता. कालिंदीनं तिच्यासमोर गरम पोहे ठेवले आणि आधी आईला फोन लाव म्हणाली, मग खा. पोरगी गॅलरीत उभी राहून अर्धा तास बोलली. पोहे पुन्हा गरम करावे लागले.

खाऊन झाल्यावर तिनं पिशवीतून एक कागद काढला. माझी रेघ होती. माझ्यासाठीही कंपनीनं जुन्या रेकॉर्डिंगवरून कालिंदीचा आवाज बनवला होता आणि एका जुन्या चित्रपटात पेरला होता, 'अहो, गोळी घेतलीत का?' मी तो चित्रपट पाहिला होता. कालिंदीनं चष्मा लावला आणि कागद उजेडात धरला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट होती.

"यात काय आहे?" तिनं विचारलं.

"काहीच नाही, काकू. तेच सांगायला आले," श्रावी म्हणाली. "बाकी सगळ्या देशाची लाट पहिल्यांदा तरी उठली. काकांची पहिल्यांदाही नाही उठली. आवाज हुबेहूब तुमचा होता."

कालिंदीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तू कुठं गोळी विचारतेस? तू ती ताटात मिठाशेजारी ठेवतेस. यंत्राला काय माहीत?

 तो कागद तिनं फ्रिजवर चुंबकाखाली लावला, गॅस सिलिंडरच्या नंबराशेजारी. आमच्याकडे कामाचे कागद तिथंच असतात. अढी सुटली असं मला वाटलं, आणि त्या दिवशी मी खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

पुढच्याच महिन्यात लोहगरुड अठरा आला, कालिंदीचा शेवटचा. तोवर लोकांनी 'घरचा आवाज' बंद करून टाकला होता आणि चित्रपटाची सरासरी सात मिनिटांवर आली होती. मी नेहमीप्रमाणे सकाळी नऊला आंघोळ करून, पट्टी लावून, अखंड लावून बसलो. कालिंदी म्हणाली, उगाच डोळे फोडू नका. यात काही नाहीये. तेव्हा मी बोलत होते का तुमच्याशी?

ते खरंच होतं. रेकॉर्डिंग अबोल्याच्या पहिल्या सकाळचं होतं. तरी मी बसलो. एवढी वर्षं बसलो, शेवटच्याला उठून जायचं का? अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला पूल पडला. लोक पळाले, सत्तावीसचा पाढा ऐकू आला, कालिंदी नव्हती. दीड तास भरला तेव्हा धरण फुटलं. मेथी, शेपू, आंबट चुका, कालिंदी नव्हती. लोहगरुड वडिलांसाठी रडून घेत होता तेव्हा स्वयंपाकघरातून चिरण्याचा आवाज यायला लागला. ती कारली चिरत होती.   शेवटच्या वेळी ती माइकपाशी उभी होती आणि माझ्यासाठी तिच्याकडे काही नव्हतं, आणि ते माझ्याच बडबडीमुळं, हे मला आता नीट कळत होतं.

दोन तास एकवीस मिनिटांनी आभाळाला भोक पडलं. झाडून सगळं शहर रस्त्यावर आलं, कानठळ्या बसतील असा गोंगाट. आणि त्यात, सगळ्यांच्या मागं, जरा घोगऱ्या, रागावलेल्या आवाजात:

"मी तुमच्याशी बोलत नाहीये, कळलं ना? भाकरी दुरडीत झाकून ठेवल्येय. वेळेवर खा."

मी चित्रपट थांबवला. तिथं आभाळाचं भोक तसंच उघडं राहिलं. उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

"त्या दिवशी मी बाहेर खाल्लं गं," मी म्हणालो. "दुरडी उघडून पाहिलीच नाही."

"माहितेय," ती म्हणाली. विळीवरून नजर काढली नाही. "दुसऱ्या दिवशी मीच कुस्करून खाल्ली, दूध घालून."

मी पाटावर बसलो. चार महिने मी समजत होतो की त्या आठ दिवसांत ती माझ्याशी बोलली नाही. ती बोलली होती. मी मिसळ खात बसलो होतो.

एवढ्यात फोन वाजला. श्रावी होती. तिच्या आवाजात धाप होती. दोन तास एकवीस मिनिटांना माझी रेघ इतकी वर गेली होती की कंपनीच्या पडद्यावर मावेना. आजवर कुणाचीच इतकी वर गेली नव्हती. साहेब तिच्या मागं उभे होते, त्यांना ताबडतोब कारण हवं होतं. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, काका, हे कारण मी वर दाखवलं तर माणसांची गर्दी कदाचित पुन्हा सुरू करतील. काकूंना बोलावतील. सांगा ना, काय होतं तिथं?

मी फोनवर हात ठेवून कालिंदीकडे पाहिलं. तिनं सगळं ऐकलं होतं. यावेळी मी विचारलं. तोंडानं नाही, नुसत्या भुवया उचलून. तीस वर्षांचं काम होतं, ते परत येण्याची शक्यता होती, आणि ठरवायचं तिचं तिनं होतं. तिनं विळी मिटून बाजूला ठेवली. मग तिनं मान हलवली, नाही म्हणून.

"पट्टी बिघडली असेल," मी फोनवर म्हणालो. "बदलून पाठवा."

 मग श्रावी म्हणाली, हो काका, बिघडलीच असणार, मी तसं लिहिते. आणि काकूंना सांगा, मी जेवले.

मी फोन ठेवला. कालिंदीनं चिरलेली कारली डब्यात भरली, झाकण लावून डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि मला विचारलं, भाजी कुठली करू?